ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, एलडी: सर्टिफिकेट, शाळा, विमा आणि पालकत्व कुठल्या क्रमाने करायचं

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांग बोर्डाच्या (तपासून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या) दिवशी थोडा वेळ जरी बसलात तरी दिसतं की परत पाठवलेल्या पालकांचा बहुतेक वेळा फक्त क्रम चुकलेला असतो. कुणाकडे तपासणीचा रिपोर्टच नाही, कुणाच्या आधारवर नाव एक आणि जन्मदाखल्यावर दुसरं, कुणी सहा वर्षांच्या पोरासाठी एलडीचं सर्टिफिकेट मागतंय जे त्या वयात मिळतच नाही, आणि प्रत्येकाची एक दिवसाची मजुरी किंवा रजा गेलेली, मूल रडून थकलेलं. हे टाळता येतं. खाली सगळं महाराष्ट्रापुरतं आणि ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचे निम्मे घोटाळे इथूनच होतात. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता (जुन्या कागदांवर मतिमंद लिहिलेलं असतं ते) आणि एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण), हे कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळे प्रकार आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत आणि त्यात हे तिन्ही येतात, म्हणजे सर्टिफिकेट तिघांनाही मिळू शकतं. पण १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. एलडी त्यात नाही. म्हणून निरामय हा आरोग्य विमा आणि अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व एलडीच्या मुलांना लागू होत नाही, त्यांचा सगळा जोर शाळा आणि परीक्षेच्या सवलतींवर ठेवायचा.

१. आधी कागद एका नावावर आणा

हे कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि रेशन कार्ड चारही समोर ठेवा आणि बघा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे का. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ आपल्याला एकच वाटतं, कॉम्प्युटरला नाही वाटत. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज आधारला जोडलेला असतो, त्यामुळे आधारवर जे छापलंय तेच कार्डावर येणार आणि तेच पुढे शाळेत, बँकेत, तहसीलला दाखवावं लागणार. चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग पुढे जा. उलटं केलंत तर कार्डही परत दुरुस्त करावं लागतं.

आधारमध्येच अजून एक गोष्ट बघायची राहते. मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट करावं लागतं. आपली बरीच मुलं मशीनवर बोट ठेवायला घाबरतात, डोळ्याच्या स्कॅनला मान फिरवतात, म्हणून पालक ते पुढे ढकलत राहतात. गर्दी नसलेल्या वेळी जा, घरी आधी फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरायचा खेळ खेळा, आणि केंद्रातल्या माणसाला मुलाबद्दल आधीच दोन वाक्यात सांगून ठेवा.

पत्ता कुठला टाकायचा हाही प्रश्न येतो. गावचा आधार आणि राहायला पिंपरीत, अशी घरं भरपूर. बोर्ड सहसा तुमच्या राहत्या जिल्ह्यातलं मिळतं, त्यामुळे ज्या जिल्ह्यात मूल शाळेत जातं आणि थेरपी घेतं तिथला पत्ता आधारवर असेल तर पुढची सगळी धावपळ कमी होते.

एक जाडी फाईल घ्या, प्लास्टिकच्या कप्प्यांची. ओरिजिनल वेगळे, झेरॉक्स वेगळे. प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये आणि घरातल्या अजून एकाच्या फोनमध्ये ठेवा. पासपोर्ट साईझ फोटो ताजे असू द्या, दोन वर्षांपूर्वीचे चालवू नका.

तपासा: चारही कागदांवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे. नसेल तर ओटीपी येणारच नाही आणि अर्ज तिथेच थांबेल.

२. पहिली तपासणी कुठे करायची

शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी सरकारची सोय आहे आणि ती वापरली जात नाही याचं वाईट वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांमध्ये एकदा येते. त्यांना विकासातला उशीर दिसला की ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, त्याला सगळे डीईआयसीच म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, फिजिओ, विशेष शिक्षक अशी माणसं एका छताखाली असावीत अशी रचना आहे. सगळी पदं भरलेली असतील असं नाही, म्हणून जायच्या आधी फोन करून कोण कुठल्या वारी असतं ते विचारा.

टीमची वाट बघत बसू नका. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून रेफरल चिठ्ठी घेऊन स्वतः जाता येतं. शहरात असाल तर महापालिकेच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग ओपीडीत केस पेपर काढा.

मूल मोठं झालंय, पंचवीस-तीस वर्षांचं आहे आणि आजवर कुठलाच कागद नाही, असंही खूप घरांत आहे, विशेषतः गावाकडे. त्यांनी बालरोग नाही, मनोविकार विभागाच्या ओपीडीत जायचं. वय जास्त झालं म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही हे चूक आहे. फक्त लहानपणाची माहिती लागते, म्हणून आई किंवा मोठी बहीण बरोबर असू द्या, आणि जुना शाळेचा दाखला, एखादी जुनी डॉक्टरची चिठ्ठी जे सापडेल ते घ्या.

ऐकण्याची आणि नजरेची तपासणी आधी करून घ्या. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवण तपासणी झालेली नसेल तर कुठलाही चांगला सायकॉलॉजिस्ट पुढे जाणार नाही, आणि बरोबरच आहे ते.

३. निदानाचे रिपोर्ट

ऑटिझमसाठी आपल्याकडे सर्टिफिकेटच्या कामाला इसा नावाची चाचणी वापरतात, भारतातच बनवलेली, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र. खाजगीत दुसऱ्या चाचण्यांवर निदान झालेलं असेल तर ते रिपोर्ट फेकून देऊ नका, बरोबर न्या, पण बोर्ड इसा पुन्हा करू शकतं हे धरून चला.

बौद्धिक अक्षमतेसाठी आयक्यू चाचणी आणि रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांची चाचणी अशा दोन्ही लागतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा बौद्धिक अक्षमता असं लिहीत नाहीत, विकासात सर्वांगीण उशीर असं लिहितात आणि सर्टिफिकेट तात्पुरतं असतं. यात कुणी तुम्हाला टोलवत नाहीये, एवढ्या लहान वयात पक्कं सांगता येत नाही म्हणून तशी पद्धत आहे.

एलडीसाठी मूल आठ वर्षांचं, साधारण तिसरीत असायला हवं, कारण लिहायला वाचायला शिकवून झाल्याशिवाय त्यातली अडचण मोजायची कशी. आयक्यू आधी बघतात, मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या, त्यात बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या चाचण्या वापरल्या जातात. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीत होतेय का हे आवर्जून विचारा. इंग्रजीत चाचणी घेऊन ‘वाचता येत नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो रिपोर्ट कामाचा नाही. मुंबईत एलडीसाठी सायन आणि नायर हॉस्पिटल लोकांना माहीत आहेत, पण नंबर लागायला वेळ जातो, त्यामुळे दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका.

सावध: रिपोर्टवर तपासणाऱ्याचं नाव, शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, सगळे आरसीआय नंबर म्हणतात. तो विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे आहे तो लगेच देतो.

४. थेरपी सर्टिफिकेटसाठी थांबवू नका

ही पायरी मुद्दाम इथे, अर्जाच्या आधी लिहितेय. ‘कार्ड आलं की सुरू करू’ असं म्हणत वर्ष जातं, आणि लहान मुलाचं एक वर्ष फार मोठं असतं. थेरपी सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही, डीईआयसीमध्ये तर केस पेपर पुरतो.

खाजगी सेंटर निवडताना तीन गोष्टी विचारा. पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय शिकवणार ते लिहून देता का? मी आत बसू शकते का, निदान काचेतून बघू शकते का? घरी काय करायचं ते शिकवता का? तिन्हीला हो आलं तर पुढे बोला. ‘तुम्ही बाहेरच थांबा, आई असली की मूल ऐकत नाही’ हे एखाद्या सत्रापुरतं समजू शकतं, पण कायमचा नियम असेल तर ते सेंटर सोडा. ज्या मुलाला घरी येऊन काय झालं ते सांगता येत नाही त्याला बंद दाराआड ठेवायचं नाही.

सावध: ऑटिझम ‘बरा करतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात आणि त्याने ऑटिझम बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. दागिने मोडून हे करणारी घरं आहेत. त्याच पैशात कित्येक वर्षांची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी होते.

५. यूडीआयडीचा अर्ज

आता सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड या दोन्हीचा अर्ज एकाच ठिकाणी, केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो. अर्ज फुकट आहे. स्वतः मोबाईलवर करता येतो, जमत नसेल तर सेतू किंवा सीएससी केंद्रात करून घ्या, ते त्यांच्या कामाचे थोडे पैसे घेतील तेवढेच.

क्रम असा. आधारवरची माहिती भरा. फोटो आणि सही किंवा अंगठा अपलोड करा. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना रिपोर्ट समोर ठेवा, कारण इथेच चुकीचा पर्याय पडतो. यादीत बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, ऑटिझम जवळजवळ दिसतात आणि सेतूवाला घाईत ‘मानसिक आजार’ निवडून मोकळा होतो. ते पूर्णपणे वेगळं आहे आणि पुढे निरामयला अर्ज बाद होतो. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असतील तर दोन्ही टाका. मग हॉस्पिटल निवडायचं, तिथे थांबा आणि आधी फोन करा की या प्रकारची तपासणी तिथे होते का. उपजिल्हा रुग्णालयात हाडांचं आणि डोळ्यांचं सर्टिफिकेट होतं म्हणून ऑटिझमचंही होईल असं नाही, सायकॉलॉजिस्ट लागतो.

जुनं, हाताने लिहिलेलं किंवा राज्याच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेलं सर्टिफिकेट असेल तर अर्जात ‘आधीचं प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय घ्या आणि ते स्कॅन करून जोडा.

सबमिट केल्यावर नावनोंदणी क्रमांक येतो. त्याची प्रिंट फाईलला लावा, क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा. २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, आणि दोन वर्षं काहीच झालं नाही तर तो अर्ज निष्क्रिय होऊन नव्याने करावा लागतो. म्हणजे अर्ज टाकून विसरलात तर नुकसान तुमचंच, महिन्यातून एकदा स्टेटस बघत जा.

सावध: ‘हॉस्पिटलला न जाता कार्ड देतो’, ‘टक्केवारी वाढवून देतो’ म्हणणारे एजंट सगळीकडे फिरतात. खोटं सर्टिफिकेट पकडलं गेलं तर तुमच्यावर गुन्हा होतो.

६. बोर्डाचा दिवस

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी या दिवसाची हवी आणि सगळ्यात कमी तीच होते.

आधी मुलाचं बघा. रांग, गोंगाट, फिनेलचा वास, अनोळखी माणसं, ऑटिझमच्या मुलाला हे सगळं एकदम झेपत नाही. शक्य झालं तर आदल्या आठवड्यात एकदा नुसतं हॉस्पिटल दाखवून आणा. डबा, पाणी, आवडती वस्तू, कानावर लावायचे हेडफोन आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड बरोबर. दोघांनी जा: एकजण रांगेत आणि दुसरा मुलाबरोबर बाहेर झाडाखाली. नंबर आला की फोन करायचा. नोंदणीच्या खिडकीवर शांतपणे सांगा की मुलाला ऑटिझम आहे, जास्त वेळ थांबता येत नाही, बऱ्याचदा लवकर घेतात. नाही घेतलं तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

मूल त्या दिवशी एकदम गप्प बसेल किंवा उलट कधी नव्हे ते छान उत्तरं देईल. दोन्ही होतं. म्हणून फोनमध्ये चार-पाच छोटे व्हिडिओ असू द्या, एक-दोन मिनिटांचे: जेवताना, कपडे घालताना, हाक मारल्यावर, इतर मुलांमध्ये, आणि चिडल्यावर. वर्गशिक्षकांचं पत्र घ्या, त्यात ‘विद्यार्थी मंदगती आहे’ असं मोघम नको, काय जमत नाही ते लिहिलेलं हवं, जसं की ‘फळ्यावरचं वहीत उतरवता येत नाही’, ‘मधल्या सुट्टीत एकटा कोपऱ्यात उभा राहतो’, ‘शौचाला जायचं सांगत नाही’.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोजच्या कौशल्यांची चाचणी तुम्हाला प्रश्न विचारून होते. आणि आईबाप, विशेषतः बाप, इथे पोराची बाजू सावरून घेतात. ‘स्वतः जेवतो का?’ ‘हो जेवतो.’ खरं काय असतं, आजी घास कालवून देते, समोर बसून सांगत राहते, टीव्ही लावावा लागतो, अर्धं सांडतं. ‘कपडे घालतो का?’ ‘घालतो.’ बटणं कोण लावतं? उलटसुलट कळतं का? ‘दुकानातून सामान आणतो का?’ ‘आणतो.’ चिठ्ठी देऊन, समोरच्याच दुकानातून, आणि उरलेले पैसे मोजता येत नाहीत. हे सगळं सांगायचं असतं. मूल मदतीशिवाय, न सांगता, रोज काय करतं एवढंच ‘करतो’ मध्ये धरा. घरी आदल्या दिवशी बसून लिहून काढा, उठल्यापासून झोपेपर्यंत, कुठे कुणाचा हात लागतो. जी व्यक्ती मुलाचं रोज करते तीच प्रश्नांना उत्तर द्यायला असली पाहिजे, मग ती आजी असली तरी आजीच.

वाढवूनही सांगू नका. तपासणारे रोज हेच बघतात, त्यांना लगेच कळतं आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. आणि मुलासमोर त्याच्याबद्दल ‘याला काहीच येत नाही’ असं बोलू नका. त्याला समजतं. अवघड गोष्टी कागदावर लिहून द्या किंवा मूल बाहेर असताना बोला.

तपासा: ओरिजिनल आधार, नावनोंदणीची प्रिंट, सगळे रिपोर्ट, शिक्षकांचं पत्र, व्हिडिओ, दिनक्रमाचा कागद, फोटो, फोन चार्ज केलेला.

७. सर्टिफिकेट आलं की आधी वाचा

लोक मिठाई वाटतात आणि लॅमिनेशन करून कपाटात ठेवतात. आधी नीट वाचा. नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्केवारी, आणि कायमचं आहे की तात्पुरतं, तात्पुरतं असेल तर कुठल्या तारखेपर्यंत. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि सहा महिने आधीची आठवण लावा. एलडीचं सर्टिफिकेट साधारण चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं, म्हणजे पहिलं जुनं सर्टिफिकेट घेऊन दहावीचा फॉर्म भरायला गेलात आणि मधली तपासणी झालेली नसेल तर अडचण येते. आठवीतच करून घ्या.

कार्डाचा रंग टक्केवारीवर असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधलं ५ टक्के आरक्षण, सरकारी नोकरीतलं ४ टक्के, ज्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, एलडी आणि मानसिक आजार या गटासाठी आहे, हे सगळं ४० आणि वरच्यांसाठी.

टक्केवारी मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात अपील कुणाकडे करायचं ते विचारा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नुसतं तोंडी भांडून येऊ नका, त्याची कुठे नोंदच होत नाही.

८. शाळा

वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांना झेरॉक्स द्या आणि शाळेच्या यूडायस माहितीत (सरकारकडे जाणाऱ्या ऑनलाइन नोंदीत) मुलाची नोंद दिव्यांग म्हणून झाली का ते विचारा. ही नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या याद्यांमध्ये मूल दिसतच नाही आणि मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाची भेट, फार गंभीर असेल तर घरी येऊन शिकवणं, यातलं काही पोचत नाही. गट साधन केंद्राचा नंबर मुख्याध्यापकांकडे असतो.

प्रवेशच नाकारला तर? ४० टक्के आणि वरच्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नकार लेखी मागा. लेखी मागितलं की अर्ध्या शाळा नमतात. नाही नमल्या तर गटशिक्षणाधिकारी, आणि त्यावर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. खाजगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करणार असाल तर ४० टक्क्यांच्या सर्टिफिकेटवर मूल वंचित गटात येतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

दहावी-बारावीला तासाला २० मिनिटं जास्त वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, विषयातली सूट अशा सवलती प्रकाराप्रमाणे असतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. नववी संपल्या संपल्या मागे लागा. आणि सवलतीचा सराव घरी करा, लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, पहिल्यांदा बोर्डाच्या पेपरला करायला लावलं तर मूल गोंधळतं. नेहमीच्या बोर्डाचा ताण फारच होत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) पर्याय आहे, विषय थोडे थोडे करून देता येतात.

९. निरामय विमा

फक्त नॅशनल ट्रस्टच्या गटांसाठी, म्हणजे ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता चालेल, एलडी नाही. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयाची अट नाही, आणि चांगली गोष्ट म्हणजे थेरपी आणि ओपीडीचाही खर्च ठरलेल्या मर्यादेत बसतो. साध्या मेडिक्लेममध्ये थेरपी बहुतेक वेळा बसत नाही.

अर्ज नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करायचा. तुमच्या जिल्ह्यातली संस्था ट्रस्टच्या यादीत शोधा. पॉलिसीचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे नूतनीकरण मार्च संपायच्या आत. एप्रिलमध्ये आठवण आली की मधला काळ कोरडा जातो.

थेरपीच्या बिलावर मुलाचं नाव, तारीख, सत्रं, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का हवा, आणि डॉक्टरांनी थेरपी लिहून दिल्याचा कागद. वहीच्या पानावरची ‘पैसे मिळाले’ अशी पावती परत येते. बिलं साठवू नका, लगेच पाठवा.

१०. तहसील, ग्रामपंचायत, एसटी, रेल्वे

हे भरभर सांगते. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलला, त्यात उत्पन्नाची अट आहे म्हणून ताजा उत्पन्नाचा दाखला आधी काढा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज करा, तुमच्या गावच्या दिव्यांग नोंदवहीत मुलाचं नाव आहे का बघा, ग्रामसभेत विचारा. एसटीत ४० टक्के आणि वरच्यांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं वेगळं आहे: तिथे यूडीआयडी दाखवून भागत नाही, रेल्वेच्याच नमुन्यातलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि त्यावर रेल्वेचं कार्ड काढावं लागतं. बोर्डाच्याच दिवशी तो नमुना घेऊन गेलात तर परत फेरी पडत नाही.

घरात कुणी सरकारी नोकरीत किंवा पेन्शनवर असेल तर आजच त्यांच्या कार्यालयात मुलाची नोंद करा. कमावता न येणाऱ्या दिव्यांग मुलाला पुढे कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं, पण आईवडील गेल्यावर हे कागद जमवणं भावाबहिणींना फार जड जातं.

११. अठरा पूर्ण होताना

आईवडील नैसर्गिक पालक असतात ते अठरापर्यंतच. त्यानंतर बँक, मालमत्ता, काही वेळा ऑपरेशनची संमती, सगळीकडे ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न येतो. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, त्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज तिथे नमुना अ मध्ये. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. सतरा पूर्ण झाले की कागद जमवायला लागा, अठरा पूर्ण झाले की अर्ज द्या.

घाईने सगळ्यांसाठी हे करू नका. समिती बघते की या व्यक्तीला पालकाची खरंच गरज आहे का आणि कुठल्या कामांसाठी. जो मुलगा स्वतःचा बँक व्यवहार थोड्या मदतीने समजू शकतो त्याच्याकडून तो अधिकार काढून घेऊ नका. अर्जात कामं नेमकी लिहा: बँक खातं, औषधोपचार, घराचा हिस्सा. आणि त्याला त्याच्या भाषेत, चित्रं दाखवून का होईना, विचारा की कुणी मदत केलेली तुला आवडेल. भावाला गृहीत धरून नाव टाकलंय आणि भावाला माहीतच नाही, असंही होतं. भाऊ, वहिनी, मावशी सगळ्यांशी आधी उघड बोला.

नियुक्ती झाल्यावर काम संपत नाही. सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशोब. मालमत्ता काहीच नसेल तरी ‘काही नाही’ असं लिहून द्या आणि पोच फाईलला लावा. आईवडिलांपैकी एकजण गेलं, किंवा नेमलेल्या नातेवाईकाला पुढे जमेनासं झालं, तर समितीला लगेच कळवून दुसरं नाव सुचवा, कारण बँकेत जुन्या पालकाच्या नावाने कागद अडकले की सोडवायला फार वेळ जातो.